बाहेर बनवलेला हॅश दिला, तरी पोस्टग्रेस लॉगिन नाकारतो: काय आणि कोणत्या क्रमाने तपासावं

पोस्टग्रेस या डेटाबेसमधल्या रोलचा (म्हणजे वापरकर्ता-खात्याचा) पासवर्ड उघडा न पाठवता आधीच हॅश करून, म्हणजे मूळ पासवर्ड थेट उलगडता येणार नाही अशा मजकुरात बदलून द्यायचा, ही सवय चांगली आहे. रोल बदलणाऱ्या 'ऑल्टर रोल' या कमांडमध्ये साधा पासवर्ड लिहिला की तो सर्व्हरच्या लॉगमध्ये उमटू शकतो, पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या कमांड-लाइन क्लायंटच्या हिस्टरी फाइलमध्ये राहतो आणि स्क्रिप्टबरोबर थेट गिटमध्ये जाऊन बसतो. म्हणून बऱ्याच टीम गो, पायथन किंवा नोडमधली एखादी छोटी लायब्ररी घेतात, तिच्याकडून स्क्रॅम-शा-२५६ या पोस्टग्रेसला चालणाऱ्या पद्धतीचा हॅश काढतात आणि तोच कमांडमध्ये देतात. कमांड यशस्वी होते. मग ॲप जोडायला जातं आणि पासवर्ड चुकीचा असल्याचं उत्तर येतं.

ही तक्रार माझ्याकडे सतत येते. कारणं मोजकीच असतात, पण लोक बहुतेक वेळा सगळ्यात अवघड टोकापासून सुरुवात करतात आणि लायब्ररीच्या गणितावर दोन दिवस घालवतात. गणित चुकलेलं असण्याची शक्यता सगळ्यात शेवटी तपासायची.

लक्षणं

- 'ऑल्टर रोल' बिनतक्रार चालतं, पण लॉगिन करताना 'पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड' येतं.
- सर्व्हरवर बसून पीएसक्यूएल उघडतं, बाहेरून तोच पासवर्ड चालत नाही.
- एका भाषेतल्या क्लायंटने लॉगिन होतं, दुसऱ्याने होत नाही.
- क्लायंट 'इनकरेक्ट सर्व्हर सिग्नेचर' म्हणतो.
- इंग्रजी अक्षरांचा पासवर्ड चालतो, देवनागरी अक्षरं असलेला चालत नाही.
- लॉगिन होतं, पण प्रत्येक जोडणीला विनाकारण वेळ लागतो.

एक गोष्ट मात्र बिघाडाचं लक्षण नाही. तोच पासवर्ड दोनदा दिला आणि लायब्ररीने दोन वेगळे हॅश दिले, तर ते बरोबरच आहे. दर वेळी नवा सॉल्ट (हॅशमध्ये मिसळायचे यादृच्छिक बाइट) घेतला जातो, त्यामुळे हॅश वेगळा यायलाच हवा. दोन्ही वेळा एकच हॅश आला तर काळजी करा.

आधी सर्व्हरचा लॉग वाचा

याला पैसा लागत नाही आणि वेळही फारसा नाही, तरी हे टाळलं जातं. क्लायंटला पोस्टग्रेस मुद्दामच मोघम उत्तर देतो, कारण नेमकं काय चुकलं हे बाहेरच्या माणसाला कळू नये. खरं कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये 'डीटेल' या ओळीत असतं. रोल अस्तित्वात नाही, रोलला पासवर्डच नाही, पासवर्डची मुदत संपली आहे, रोलकडे वैध स्क्रॅम सीक्रेट (म्हणजे साठवलेला स्क्रॅमचा हॅश) नाही: हे सगळं तिथे साध्या वाक्यात लिहिलेलं असतं. कोणाला कोणत्या पद्धतीने आत घ्यायचं हे पीजी-एचबीए फाइल ठरवते; तिच्यातली कोणती ओळ या जोडणीला लागू झाली तेही तिथेच दिसतं, आणि ती ओळ पुढच्या दोन तपासण्यांना लागणार आहे.

मुदतीचं कारण हमखास विसरलं जातं. कोणीतरी कधीतरी 'व्हॅलिड अंटिल' लावून ठेवलेलं असतं. नवा हॅश दिला तरी जुनी मुदत हटत नाही, त्यामुळे कितीही नवे हॅश बनवले तरी लॉगिन होत नाही.

पासवर्ड खरंच तपासला जातोय का?

'सर्व्हरवर तर चालतंय' या वाक्यावर विश्वास ठेवण्याआधी, लागू झालेल्या त्या ओळीतली पद्धत बघा. तिथे 'ट्रस्ट' किंवा 'पीअर' असेल तर पासवर्ड कोणी विचारलेलाच नाही. डॉकरच्या अधिकृत पोस्टग्रेस इमेजमध्ये कंटेनरच्या आतून १२७.०.०.१ वर केलेली जोडणी ट्रस्टने जाते आणि बाहेरून येणारीलाच पासवर्ड लागतो. म्हणजे कंटेनरमध्ये शिरून केलेली चाचणी काहीच सिद्ध करत नाही. तिथे मुद्दाम चुकीचा पासवर्ड देऊन बघा, तोही चालेल.

त्याच इमेजमध्ये पर्यावरण-चल (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) म्हणून दिलेला पासवर्ड फक्त डेटा फोल्डर रिकामं असताना, पहिल्या सुरुवातीलाच वापरला जातो. व्हॉल्यूम (कंटेनरचा साठवलेला डेटा) जुनं असेल तर डॉकरच्या कंपोझ फाइलमध्ये पासवर्ड बदलून काहीही होत नाही.

तुमच्या बाजूलाही बघा. होम फोल्डरमध्ये पासवर्ड साठवणारी जुनी पीजीपास फाइल आहे का? पीजीपासवर्ड नावाचं चल सेट आहे का? पीएसक्यूएलने पासवर्ड न विचारताच नकार दिला, तर तो जुनाच पासवर्ड पाठवतोय असं समजा.

पीएसक्यूएलच्या स्वतःच्या कमांडने पासवर्ड लावून पाहा

पीएसक्यूएलमध्ये बॅकस्लॅश लावून 'पासवर्ड' ही कमांड आहे. ती पासवर्ड विचारते, हॅश क्लायंटच्या बाजूलाच बनवते आणि सर्व्हरला फक्त हॅश पाठवते. म्हणजे तुमची लायब्ररी जे करू पाहते तेच, पण पोस्टग्रेसच्या स्वतःच्या कोडने. चाचणीसाठी वेगळा रोल घ्या, या कमांडने पासवर्ड लावा आणि ॲपच्याच यंत्रावरून, ॲपच्याच क्लायंटने जोडून पाहा.

इथे समस्येचे दोन भाग पडतात. लॉगिन झालं, तर सर्व्हर, नेटवर्क आणि क्लायंट ठीक आहेत आणि दोष हॅश बनवण्यात किंवा पोचवण्यात आहे. लॉगिन झालं नाही, तर लायब्ररीला हातही लावू नका. पीजी-एचबीए, जुना क्लायंट आणि मधला पूलर (ॲपच्या जोडण्या सांभाळणारा प्रोग्राम) या बाजूला जा. एवढी एक तपासणी केली तरी पुढचं अर्धं काम वाचतं, म्हणून ती कोणीही टाळू नये असं मला मनापासून वाटतं.

टेबलात खरंच काय साठवलं गेलं?

सगळ्यात जास्त वेळा उत्तर इथे सापडतं.

सुपरयुजर म्हणून पीजी-ऑथआयडी या कॅटलॉगमधला (पोस्टग्रेसच्या स्वतःच्या टेबलातला) 'रोलपासवर्ड' कॉलम काढा आणि लायब्ररीने दिलेल्या हॅशशी अक्षर-अक्षर ताडून पाहा. 'हॅश दिसतोय ना, मग झालं' असं म्हणून पुढे जाऊ नका, कारण पोस्टग्रेस तुमचा हॅश कधीच चुकीचा ठरवत नाही. दिलेली स्ट्रिंग त्याच्या दोन ठरलेल्या साच्यांपैकी एकात बसली तर तो ती जशीच्या तशी ठेवतो. एका अक्षराने जरी साचा बिघडला, तर तो ती स्ट्रिंग म्हणजेच साधा पासवर्ड आहे असं धरतो, त्याचा स्वतः हॅश काढतो आणि तो साठवतो. ना एरर, ना वॉर्निंग. कॉलममध्ये दिसणारा हॅश अगदी निरोगी दिसतो, फक्त तो तुमच्या पासवर्डचा नसतो, तुमच्या हॅशचा हॅश असतो.

ओळखायची खूण सॉल्ट. स्क्रॅमच्या हॅशची रचना अशी: आधी पद्धतीचं नाव, मग डॉलर, फेऱ्यांची संख्या (हॅशचं गणित किती वेळा चालवायचं), कोलन, सॉल्ट, पुन्हा डॉलर, स्टोअर्ड-की (जिच्यावरून सर्व्हर क्लायंटला ओळखतो), कोलन आणि शेवटी सर्व्हर-की (जिच्यावरून क्लायंट सर्व्हरला ओळखतो). ४०९६ फेऱ्या आणि १६ बाइटचा सॉल्ट असेल तर एकूण लांबी १३३ अक्षरं. पहिल्या कोलननंतरची पाच-सहा अक्षरं दोन्हीकडे सारखी आहेत का एवढंच आधी बघा. वेगळी असतील तर सर्व्हरने तुमचा हॅश साधा पासवर्ड समजून घेतला. खात्री हवी असेल तर ती अख्खी बिघडलेली स्ट्रिंगच पासवर्ड म्हणून देऊन लॉगिन करून पाहा. होईल. आणि झालं की तो पासवर्ड ताबडतोब बदला, कारण जी स्ट्रिंग तुम्ही सुरक्षित समजून स्क्रिप्टमध्ये ठेवली आहे, तीच आता चालता पासवर्ड आहे.

साचा बिघडतो कुठे?

सगळ्यात आधी शेलकडे बघा. हॅशमध्ये दोन डॉलर आहेत. दुहेरी अवतरणात लिहिला की बॅश पहिल्या डॉलरनंतरचा ४ हा चौथ्या आर्ग्युमेंटचा क्रमांक समजतो, तिथे रिकामी जागा भरतो आणि ४०९६ चं नुसतं ०९६ उरतं. दुसऱ्या डॉलरनंतरची अक्षरं चलाचं नाव म्हणून गिळली जातात. एकेरी अवतरण वापरा, किंवा एसक्यूएल फाइलमधून द्या. कंपोझ फाइलमध्ये प्रत्येक डॉलर दोनदा लिहावा लागतो. लायब्ररीने दिलेली स्ट्रिंग १३३ अक्षरांची होती आणि सर्व्हरला पाठवलेली कमी भरली, तर शेलशिवाय दुसरीकडे शोधायची गरजच नाही.

मग बेस६४ चा, म्हणजे बाइट अक्षरांत लिहायच्या पद्धतीचा, प्रकार. पोस्टग्रेसला साधा, शेवटी 'बरोबर'ची चिन्हं असलेला बेस६४ लागतो. गोमध्ये 'रॉ' प्रकार वापरला तर ती चिन्हं गळतात. यूआरएलसाठीचा प्रकार वापरला तर अधिक आणि तिरकी रेघ यांच्या जागी वजा आणि अधोरेखा येतात. पायथनमधलं 'एन्कोडबाइट्स' हे फंक्शन शेवटी नवी ओळ जोडतं. तिन्ही वेळा साचा मोडतो. यूआरएलच्या प्रकाराचा त्रास जास्त, कारण ज्या हॅशमध्ये ती दोन चिन्हं येतच नाहीत तो चालून जातो आणि मग 'कधी चालतं, कधी नाही' अशी तक्रार येते.

पद्धतीचं नाव मोठ्या लिपीतच हवं. अजून एमडी५ ही जुनी हॅश-पद्धत वापरत असाल तर उलट: पुढे 'एमडी५' ही तीन अक्षरं आणि त्यामागे छोट्या लिपीतले ३२ हेक्स अंक, एकूण ३५. हेक्स मोठ्या लिपीत दिले की तेही साधा पासवर्ड ठरतात.

पासवर्डच्या शेवटी नको असलेलं काही

साठवलेला हॅश तंतोतंत जुळला, तरी लॉगिन नाही? मग लायब्ररीला दिलेला पासवर्ड आणि लॉगिनला दिलेला पासवर्ड एकच आहे का ते तपासा. 'एको'ने पासवर्ड पाइपमधून दिला की मागे नवी ओळ येते. 'प्रिंटएफ' वापरा. विंडोजवर सेव्ह केलेल्या फाइलमधून वाचला तर आणखी एक अदृश्य अक्षर चिकटतं. पासवर्डचे बाइट मोजा. डोळ्यांना बारा अक्षरं दिसत असतील आणि मोजणी तेरा म्हणत असेल, तर कारण सापडलं.

पीजी-एचबीए, जुने क्लायंट आणि एमडी५

पोस्टग्रेस १० मध्ये स्क्रॅम आलं आणि १४ पासून तेच मूळ सेटिंग झालं. पण आधीचे एमडी५ हॅश आपोआप बदलत नाहीत, बदलू शकतही नाहीत, कारण त्यासाठी मूळ पासवर्ड लागतो. पीजी-एचबीएमध्ये पद्धत 'एमडी५' लिहिली असेल तर दोन्ही प्रकारचे हॅश चालतात. तिथे 'स्क्रॅम-शा-२५६' लागू केलं की एमडी५ वाल्या सगळ्या रोलचं नवं लॉगिन बंद होतं. अशा रोलचा पासवर्ड नव्याने लावणं एवढाच मार्ग आहे.

क्लायंट जुना असेल तर मेसेज वेगळा येतो. जावाचा जुना ड्रायव्हर 'ऑथेंटिकेशन टाइप १० इज नॉट सपोर्टेड' असं म्हणतो. जेडीबीसी ड्रायव्हर ४२.२.० पासून पुढचा हवा, आणि लिबपीक्यू (पोस्टग्रेसची स्वतःची क्लायंट-लायब्ररी) १० पासून पुढचं. इथे ड्रायव्हर बदला. ड्रायव्हर जुना म्हणून हॅश एमडी५ वर नेणं मला पटत नाही. एमडी५ मध्ये साठवलेला हॅश ज्याच्या हाती लागला तो मूळ पासवर्ड न शोधताही लॉगिन करू शकतो, आणि पोस्टग्रेस १८ तर असा हॅश लावताना हा प्रकार जाणार असल्याची सूचनाही देतो.

एमडी५ च्याच बाबतीत आणखी एक: त्यात रोलचं नाव मिसळलेलं असतं. आधी पासवर्ड, मग नाव, मध्ये काही नाही. क्रम उलटला किंवा नावातलं एक अक्षर मोठ्या लिपीत गेलं की हॅश निकामी. रोलचं नाव बदललं की पोस्टग्रेस तो पासवर्ड पुसूनच टाकतो. स्क्रॅममध्ये नावाचा संबंध नाही.

मध्ये पीजीबाउन्सर आहे का?

पीजीबाउन्सर हा पूलर मध्ये असेल तर त्याच्या युजरलिस्ट फाइलमधला हॅश आणि पोस्टग्रेसमधला हॅश एकच हवा, सॉल्टसकट. त्याच पासवर्डवरून दोनदा हॅश बनवून एकेक दोन्हीकडे ठेवला, तर ॲप पीजीबाउन्सरपर्यंत पोचतं आणि पीजीबाउन्सर पोस्टग्रेसपाशी अडतो. एकदाच बनवा आणि तोच दोन्हीकडे ठेवा.

देवनागरी पासवर्ड

मराठी कीबोर्डवरून पासवर्ड ठेवणारे लोक आहेत, आणि त्यांचा त्रास खरा आहे. स्क्रॅमच्या नियमाप्रमाणे हॅश काढण्याआधी पासवर्डवर सास्लप्रेप नावाची प्रक्रिया होते. तिच्यात दिसायला सारखी पण आतून वेगळी लिहिलेली अक्षरं एका रूपात आणली जातात. पोस्टग्रेस आणि लिबपीक्यू ही प्रक्रिया करतात. छोट्या लायब्ररींमध्ये ती बहुधा गाळलेली असते, कारण इंग्रजी अक्षरांवर तिचा काही परिणामच होत नाही आणि लिहिणाऱ्याच्या चाचण्या सगळ्या पास होतात.

'वाऱ्यावर' हा शब्द घ्या. त्यातला ऱ एका कीबोर्डवर एकसंध अक्षर म्हणून येतो, दुसऱ्यावर र आणि नुक्ता असा दोन भागांत. सास्लप्रेपने ही दोन्ही रूपं एक होतात. तिसऱ्या कीबोर्डवर र, हलंत आणि त्यामागे अदृश्य जोडचिन्ह असं येतं. सास्लप्रेप ते जोडचिन्ह काढून टाकतं आणि उरतो साधा 'र्य', जो पहिल्या दोघांशी कधीच जुळणार नाही. फोनवर ठेवलेला पासवर्ड लॅपटॉपवर चालत नाही, त्यामागे हेही असू शकतं.

ॲ चं प्रकरण निराळं. सास्लप्रेप युनिकोड ३.२ वर बांधलेलं आहे आणि ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. त्या जुन्या तक्त्यात ते नाही, म्हणून पोस्टग्रेस असा पासवर्ड प्रक्रिया न करता मूळ बाइटसह वापरतो. नियम कडक पाळणारी लायब्ररी तिथे एरर देते, नवा तक्ता वापरणारी त्याच पासवर्डमधल्या इतर अक्षरांचं रूप बदलू शकते, आणि तसं झालं की पोस्टग्रेसशी मेळ बसत नाही.

ॲप किंवा सर्व्हिससाठीच्या रोलला सरळ इंग्रजी अक्षरं आणि अंकांचा, यंत्राने काढलेला लांब पासवर्ड द्या. माणसांनी स्वतः टाइप करायचा पासवर्ड देवनागरीत ठेवायचाच असेल, तर हॅश पीएसक्यूएलच्या कमांडने काढा, लायब्ररीने नाही.

आता लायब्ररीचं गणित

इथवर काहीच सापडलं नसेल तरच. एक निर्णायक चाचणी आहे. पीएसक्यूएलने लावलेला, चालणारा हॅश घ्या. त्यातला सॉल्ट आणि फेऱ्यांची संख्या तुमच्या लायब्ररीला द्या, तोच पासवर्ड द्या. निकाल अक्षरशः तोच यायला हवा. लायब्ररी बाहेरून सॉल्ट घेत नसेल तर पायथनच्या हॅशलिब आणि एचमॅक या मूळ मॉड्यूलमध्ये हे सगळं आठ-दहा ओळींत होतं.

जुळलं नाही तर इथे बघा. सॉल्ट पीबीकेडीएफ२ या फेऱ्या चालवणाऱ्या फंक्शनला मूळ बाइट म्हणून जायला हवा, बेस६४ मजकूर म्हणून नाही. ही चूक सगळ्यात जास्त दिसते. 'क्लायंट की' आणि 'सर्व्हर की' ही लेबलं मधल्या जागेसकट आणि मोठ्या आद्याक्षरांनीच लागतात. क्लायंट-कीवर आणखी एकदा शा-२५६ चालवल्यावर स्टोअर्ड-की मिळते, सर्व्हर-कीवर तसं काही करायचं नसतं. नोडमध्ये एका टप्प्याचं उत्तर हेक्स मजकुरात काढून तेच पुढच्या टप्प्याला दिलं जातं, तिथेही सगळं बिघडतं.

'इनकरेक्ट सर्व्हर सिग्नेचर' हा मेसेज इथे कामाचा आहे. त्याचा अर्थ, स्टोअर्ड-की बरोबर होती म्हणून सर्व्हरने तुम्हाला ओळखलं, पण सर्व्हर-की चुकल्यामुळे क्लायंटने सर्व्हरला ओळखलं नाही. म्हणजे फक्त शेवटचा तुकडा तपासायचा. जे क्लायंट सर्व्हरची सही तपासतच नाहीत ते याच हॅशवर आत जातात, आणि मग 'एका भाषेत चालतं, दुसऱ्यात नाही' हे लक्षण दिसतं.

जोडणी हळू होत असेल तर फेऱ्यांची संख्या बघा. पोस्टग्रेसचं मूळ सेटिंग ४०९६ आहे, आणि स्क्रॅम-शा-२५६ ठरवणाऱ्या २०१५ च्या आरएफसी ७६७७ या मानक-दस्तऐवजामध्येही किमान हीच संख्या सुचवली आहे. काही लायब्ररी वेबसाइटच्या पासवर्डचे सल्ले वाचून लाखांत फेऱ्या घेतात. हे गणित प्रत्येक नव्या जोडणीला क्लायंटला करावं लागतं. पूल नसलेल्या ॲपमध्ये ते लगेच जाणवतं.

इथे थांबा

मॅनेज्ड सेवेवर (दुसरी कंपनी सांभाळते त्या पोस्टग्रेसवर) असाल तर पीजी-ऑथआयडी तुम्हाला दिसणार नाही आणि बाहेरचा हॅश घेण्यावर सेवेची स्वतःची बंधनंही असू शकतात. पीएसक्यूएलच्या कमांडची चाचणी करा आणि तिचा निकाल व वेळ घेऊन सेवेच्या मदत विभागाकडे जा. पीजी-एचबीएच्या लागू ओळीत एलडॅप, जीएसएस किंवा रेडियस दिसलं, तर पासवर्ड पोस्टग्रेसमध्ये नाहीच. कितीही हॅश बनवले तरी उपयोग नाही, ती यंत्रणा सांभाळणाऱ्यांना बोलवा.

चालू प्रॉडक्शनवर 'जरा वेळ ट्रस्ट करून बघू' असा विचार आला तर तिथेच थांबा आणि डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला) फोन करा. तेवढ्या वेळात जो जोडला गेला त्याने काय केलं हे नंतर सांगता येत नाही.

निर्णायक चाचणीत लायब्ररी नापास झाली आणि कारण पहिल्या वाचनात दिसलं नाही, तर ती दुरुस्त करत बसू नका. पासवर्डचा कोड अर्धवट समजून दुरुस्त करणं धोक्याचं आहे. लिबपीक्यूमध्ये हॅश बनवणारं फंक्शन आवृत्ती १० पासून आहे, ते वापरा, किंवा क्रिप्टोग्राफी जाणणाऱ्या माणसाकडून लायब्ररी तपासून घ्या.

आणि शोधाशोध करताना हॅश गिटमध्ये, चॅटवर किंवा तिकिटात कुठेही पेस्ट झाला असेल, तर लॉगिन सुरू झालं तरी काम संपलेलं नाही. स्क्रॅमच्या हॅशने थेट लॉगिन होत नाही, पण त्यावर घरबसल्या पासवर्डचे अंदाज ताडून पाहता येतात आणि तुमचा सर्व्हर असल्याची बतावणीही करता येते. पासवर्ड बदला, हॅश कुठे कुठे गेला त्याची यादी करा आणि ती यादी सुरक्षा पाहणाऱ्या टीमकडे त्याच दिवशी द्या.